पाऊण डॉलरची तूट

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. हानी लहान असली, तरी ती ज्या वाटेने आली ती वाट मोकळी राहणे घातक असते, हे त्या म्हणीचे मर्म होय. संगणकांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात याचा प्रत्यय अमेरिकेत १९८६ साली आला.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ काम करीत. दुर्बिणीच्या कामासाठी मिळालेला निधी संपल्याने त्यांची रवानगी संगणक विभागात झाली होती. जो जितका वेळ संगणक वापरील, त्याने तितका आकार भरावा, असा तेथील नियम होता. ऑगस्टमध्ये या हिशेबात ७५ सेंटांची तूट निघाली आणि ती शोधण्याचे किरकोळ काम नवख्या स्टोल यांच्याकडे आले. कोणी अज्ञात इसम अवघे नऊ सेकंद संगणक वापरून, आकार न भरता निघून गेला होता. पुढे तर असे दिसून आले की, संगणकाच्या व्यवस्थापकाचे सर्व अधिकारच त्याने हस्तगत केले आहेत.

स्टोल यांनी कचेरीतील टर्मिनले व छपाईयंत्रे गोळा करून बाहेरून येणाऱ्या तारांना जोडली. पाहुण्याने उमटविलेले अक्षर न् अक्षर कागदावर उतरू लागले. बर्कलीचा संगणक ही त्याची केवळ पायरी होती. तेथून तो लष्करी संगणकांची दारे ठोठावीत होता. पुष्कळ ठिकाणी कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द कोणी बदललेच नव्हते, त्यामुळे ती दारे उघडतही होती.

खरी कसोटी यानंतरची होती. वरिष्ठांनी तपासासाठी तीन आठवडे दिले. व्हर्जिनियातील एका संस्थेला सावध केले, तर 'आमच्याकडे असे घडणे अशक्य' असे उत्तर आले. एवढ्याशा नुकसानीत लक्ष घालण्यास एफबीआय प्रथम राजी होईना. इतर सरकारी खात्यांना माहिती हवी असे, जबाबदारी मात्र नको असे.

स्टोल यांनी वाद घातला नाही. प्रत्येक घटनेची तारीखवार नोंद ठेवून छापील पुरावा ते पुढे करीत राहिले. १९८७च्या जानेवारीत त्यांनी क्षेपणास्त्रविरोधी योजनेचे बनावट कागद संगणकात पेरले. ते वाचण्यात पाहुणा गुंतला असता त्याचा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत लागला. तेथील मार्कुस हेस हा साथीदारांसह सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकत होता. १९९० साली त्यांना शिक्षा झाली. सुमारे ४५० संगणकांवर झालेल्या प्रयत्नांपैकी तीसहून अधिक सफल झाले होते.

१९८९ साली स्टोल यांनी ही हकिगत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली व तिला कोकिळेच्या अंड्याचे नाव दिले. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते; कावळ्याला मात्र ते कळत नाही. ज्या कचेरीत परके अंडे ओळखणाऱ्याला रिकामटेकडा ठरविले जात नाही, त्याच कचेरीचे घरटे शाबूत राहते.