लॉकिंग डिफरन्शियल

लॉकिंग डिफरन्शियल हा मोटारवाहनातील डिफरन्शियलचा एक प्रकार असून त्यात एकाच आसावरील दोन्ही चाके गरजेनुसार एकमेकांशी जखडून समान वेगाने फिरवता येतात. चालक व गॅरेजवाले त्याला डिफ-लॉक किंवा नुसते लॉकर म्हणतात. चिखल, वाळू, खडक व बर्फ अशा भूभागावर चालणारे ट्रक, पिकअप, जीप वर्गातील वाहने आणि ट्रॅक्टर यांत ही यंत्रणा वापरली जाते. लॉक लावल्याने वाहनाची पुढे ओढण्याची शक्ती वाढते, पण वळण्याची क्षमता आणि आडव्या उतारावरील स्थैर्य कमी होते. त्यामुळे लॉक केव्हा लावावे याइतकेच ते केव्हा काढावे हेही महत्त्वाचे ठरते.

साध्या डिफरन्शियलची मर्यादा

वाहन वळताना बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असेल, तर काटकोनात वळताना हा फरक सुमारे २.३६ मीटर भरतो. वळण मोठे असो वा लहान, फरक तेवढाच राहतो. पाऊण मीटर व्यासाच्या चाकाचा हा जवळजवळ एक पूर्ण फेरा होय. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर एवढे अंतर एका चाकाला घसटतच जावे लागेल. ही अडचण दूर करण्यासाठी १८२०च्या दशकात फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल योजला. आजच्या वाहनांतील रचना मूलतः त्याच तत्त्वावर चालते.

साधा, म्हणजे खुला डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, पण दोहोंना टॉर्क (चाक फिरवणारा जोर) मात्र जवळजवळ समान देतो. अडचण येथेच सुरू होते. समजा, एक चाक चिखलात आहे व २०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळताच ते घसरते. दुसरे कोरड्या खडकावर असून १,५०० न्यूटन-मीटर सहज पेलू शकते. खुला डिफरन्शियल त्यालाही २०० न्यूटन-मीटरच देईल. आसाला एकूण ४०० मिळतील. चिखलातील चाक गरगर फिरत राहील आणि खडकावरचे जागेवर उभे राहील. डिफरन्शियल जखडला की प्रत्येक चाकाला त्याच्या पकडीप्रमाणे टॉर्क मिळतो व एकूण आकडा १,७०० न्यूटन-मीटरपर्यंत जाऊ शकतो. इंजिनाची शक्ती तीच राहते, बदलते ती फक्त तिची वाटणी.

चार चाकांना शक्ती पोहोचवणारी वाहनेही या मर्यादेतून सुटत नाहीत. खडबडीत वाटेवर पुढचे एक व मागचे विरुद्ध बाजूचे एक अशी तिरपी दोन चाके अधांतरी झाली, की दोन्ही आसांवरील शक्ती त्या हवेतल्या चाकांतच वाया जाते. अशा वेळी केवळ मागचा डिफरन्शियल जखडला तरी वाहन बहुधा पुढे सरकते.

प्रकार

निवडक लॉक हा सर्वांत उपयुक्त प्रकार मानला जातो, कारण त्यात निर्णय चालकाच्या हाती राहतो. एरवी हा डिफरन्शियल खुला असतो. चालकाने बटण दाबले किंवा दांडा ओढला की आतील दातेरी कडे सरकून दोन्ही बाजू एकमेकींत अडकतात. कडे सरकवण्यासाठी दाबलेली हवा, विद्युतचुंबक, निर्वात किंवा तार वापरतात. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचे हवेवर चालणारे लॉकर जगभर प्रचलित आहे. जड ट्रकमध्ये ब्रेकसाठी दाबलेली हवा उपलब्ध असल्याने तीच लॉकसाठीही वापरतात.

स्वयंचलित लॉकरमध्ये दोन्ही बाजू मुळातच जखडलेल्या असतात व वळताना बाहेरील चाक आपोआप सुटते. डेट्रॉइट लॉकर हे याचे प्रसिद्ध उदाहरण. चालकाला काहीच करावे लागत नाही, हा त्याचा गुण. मात्र वळणावर जोर केवळ आतील चाकावर जातो, ॲक्सिलरेटर सोडताच बाहेरचे चाक ठक्कन आवाज करत पुन्हा अडकते आणि आखूड वाहन किंचित हिसका देते.

काही डिफरन्शियलांत चाकांच्या वेगातील फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांपर्यंत गेला की केंद्रोत्सारी प्रेरणेवर चालणारी कळ लॉक लावते. वाहनाने वेग घेतल्यावर लॉक लागत नाही. याखेरीज स्पूल नावाचा कायमस्वरूपी जखडलेला प्रकार आहे. आतील लहान दंतचक्रे वेल्ड करून टाकणे हा त्याचाच स्वस्त अवतार. केवळ खडकांवरील शर्यतीच्या वाहनांना तो शोभतो; रस्त्यावर टायर झिजतात व आसावर सतत ताण राहतो.

वापराची पद्धत

लॉक अडथळ्यापूर्वी लावावे, अडकल्यानंतर नव्हे. वाहन थांबलेले किंवा अगदी मंद असावे. एक चाक जोरात फिरत असताना बटण दाबल्यास दाते एकमेकांवर आपटून तुटतात, प्रसंगी हाफ-शाफ्टही मोडतो. नवख्या चालकांकडून सर्वाधिक नुकसान याच चुकीने होते. चाक फिरू लागले असल्यास आधी ॲक्सिलरेटर सोडून ते थांबू द्यावे.

अनेक लॉक असलेल्या वाहनात आधी मधले, मग मागचे आणि शेवटी पुढचे असा क्रम पाळतात. मर्सिडीज-बेंझच्या जी-वर्गातील तीन बटणे याच क्रमाने वापरण्यासाठी आहेत. पुढचे लॉक शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे: ते लागताच स्टिअरिंग जड होते आणि वाहन सरळच जाऊ पाहते. लो गिअरमध्ये, एकसारख्या मंद गतीने अडथळा ओलांडणे इष्ट.

बटण बंद केले म्हणजे लॉक सुटलेच असे नाही. दातांवर ताण असेपर्यंत ते एकमेकांत रुतून राहतात. काही मीटर सरळ चालवून किंवा थोडे मागे घेऊन ताण सोडवावा लागतो आणि डॅशबोर्डवरील दिवा विझेपर्यंत पक्क्या रस्त्यावर वळू नये.

धोके

जखडलेल्या आसावर संपूर्ण टॉर्क एकाच हाफ-शाफ्टवर येऊ शकतो. पुढच्या आसाचे सांधे वळवलेल्या स्थितीत अधिक नाजूक असतात. म्हणून पुढचे लॉक लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर देणे म्हणजे मोडतोडीला आमंत्रण होय.

आडव्या उतारावरील धोका मात्र यंत्राच्या मोडतोडीपुरता राहत नाही. खुल्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे न फिरता जमीन धरून ठेवते व आसाचे टोक खाली सरकू देत नाही. लॉक लावल्यावर दोन्ही चाके एकदम घसरू शकतात. घसरून फिरणाऱ्या टायरला बाजूची पकड जवळजवळ उरत नाही, त्यामुळे वाहनाचा मागचा भाग उताराच्या दिशेने खाली ओढला जातो. ओल्या गवताच्या उतारावर, बर्फावर किंवा मध्ये उंच व कडेला उतरत्या निसरड्या रस्त्यावर हेच घडते. खाली दरी असेल तर थोडे घसरणेही प्राणघातक ठरू शकते. अशा ठिकाणी लॉक न लावता हळू जाणे किंवा वाट बदलणे अधिक सुरक्षित.

इतर व्यवस्थांशी तुलना

मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल घर्षणपट्ट्यांच्या किंवा विशिष्ट दंतचक्रांच्या साहाय्याने काही टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे वळवतो; रस्त्यावर तो अधिक सौम्य वाटतो, पण एक चाक हवेत गेल्यावर बहुधा अपुरा पडतो. इलेक्ट्रॉनिक कर्षण-नियंत्रण फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तोच परिणाम साधते. आधुनिक वाहनांत ते बरेच प्रभावी असले, तरी इंजिनाची काही शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते आणि दीर्घ चढणीवर ब्रेक तापतात.

वाहनांतील उपयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीकामासाठी तयार झालेल्या युनिमॉगमध्ये पुढे व मागे दोन्हीकडे लॉक होते. अमेरिकेत जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीने २००३ पासून दोन्ही आसांवरील लॉक कारखान्यातूनच उपलब्ध करून दिले.

भारतात पुण्यातील आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या वाहनात पुढच्या व मागच्या आसासाठी चालकाने लावण्याची स्वतंत्र लॉक मिळतात. महिंद्राच्या थारच्या काही आवृत्त्यांत मागे आपोआप लागणारे यांत्रिक लॉक असते. खाणी व बांधकामांवरील टिपरमध्ये दोन मागच्या आसांमधील लॉकही आढळते. पण शेतकऱ्याला ही यंत्रणा सर्वांत परिचित आहे ती ट्रॅक्टरमध्ये. नांगरताना एक चाक ओल्या काळ्या मातीत फिरू लागले की चालक टाचेजवळचे पेडल दाबतो आणि बांधाशी वळण्यापूर्वी त्यावरून पाय काढून घेतो.