जोडाची पारख : आसंजके व लेप यांच्या अविध्वंसक परीक्षणाचा इतिहास

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज शेतीपेक्षा गोदामांमुळे अधिक परिचित आहे. मुंबई महानगरपालिकेची जकात २०१७ पर्यंत चालू होती. तिच्या हद्दीबाहेर, परंतु शहराच्या दाराशीच माल साठविण्याची सोय असल्यामुळे या परिसरात गोदामे वाढली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावरही ती ओसरली नाहीत. कोकणपट्टीचा दमट पावसाळा ज्या मालाला अशा ठिकाणी काढावा लागतो, त्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणेही असतात. या उपकरणांचे आयुष्य तांब्याच्या तारेवर जितके अवलंबून असते, तितकेच त्या तारेला धरून ठेवणाऱ्या चिकटद्रव्यावर व तिला झाकणाऱ्या लेपावरही असते. जोड न तोडता तो शाबूत आहे की नाही, हे कसे ओळखावे? हा प्रश्न आधुनिक वाटला, तरी त्याचा इतिहास बराच मागे जातो.

आसंजक व लेप या दोन्ही कामी आपल्याकडे प्राचीन काळापासून वापरले गेलेले द्रव्य म्हणजे लाख होय. ‘लाक्षा’ हे तिचे संस्कृत नाव अथर्ववेदात येते. तेच पुढे ‘लाख’ झाले, आणि युरोपीय भाषांतील ‘लॅकर’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. सावंतवाडीच्या गंजिफांवर चढविलेला लाखेचा लेप आणि विजेच्या आरंभीच्या काळात तारेच्या वेटोळ्यांवर दिलेले शेलॅकचे रोगण, या दोहोंचे मूलद्रव्य एकच. १९०९ मध्ये लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट जाहीर केले. दुसऱ्या महायुद्धानंतर एपॉक्सी रेझिने बाजारात आली, आणि कृत्रिम बहुवारिकांनी लाखेची जागा घेतली. द्रव्य बदलले, दोष मात्र तेच राहिले. पृष्ठभागापासून पदर सुटणे, तडा जाणे आणि ओल शिरणे हे ते दोष होत.

पारखण्याची जुनी रीत भाषेतच टिकून आहे. मडके घेताना ते वाजवून घेतात; ‘खणखणीत’ नाद निघाला तर ते शाबूत, ‘बद्द’ वाजले तर तडकलेले. नाणेही असेच वाजवून पारखीत. ‘पारख’ हा शब्द ‘परीक्षा’ या शब्दापासून आलेला असला, तरी व्यवहारात त्याला वस्तू न मोडता तिचे अंतरंग जाणण्याचा अर्थ चिकटला आहे. व्हिएन्नाचे वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून रोगनिदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तिचेही तत्त्व हेच होते. विमानाच्या चिकटविलेल्या पत्र्यांवर लहान हातोडी वाजवून सुटलेला भाग शोधण्याची पद्धत आजही चालू आहे.

कानाची मर्यादा ओलांडली ती श्राव्यातीत ध्वनीने. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेल्या दाबविद्युत् परिणामामुळे असा ध्वनी निर्माण करणे व टिपणे पुढे शक्य झाले. रशियन शास्त्रज्ञ सोकोलोव यांनी १९२८ मध्ये धातूतील दोष शोधण्यासाठी त्याचा उपयोग सुचविला. अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांना प्रतिध्वनीवर चालणाऱ्या उपकरणाचे एकस्व १९४२ मध्ये मिळाले. १९७४ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे लेमन्स व क्वेट यांनी ध्वनिसूक्ष्मदर्शक सिद्ध केला, आणि चिपच्या काळ्या आवरणाखालचे सुटलेले पदर चित्ररूपाने दिसू लागले. क्ष-किरणांनी आतली तार दिसते, पण सुटलेला पदर सहसा दिसत नाही. ध्वनी मात्र हवेच्या अत्यंत पातळ फटीवरूनही जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो. उघड्या लेपासाठी वेगळा उपाय आहे. लेपात चकाकणारे द्रव्य मिसळून तो अतिनील दिव्याखाली पाहिला, म्हणजे सुटलेली जागा उमगते.

या परीक्षणाची निकड १९८० नंतर वाढली. चिपा पट्टीच्या पृष्ठभागावरच बसविण्याची पद्धत रूढ झाल्याने डाख देताना संपूर्ण आवरण तापू लागले. आवरणाने हवेतून शोषलेल्या पाण्याची अशा वेळी एकदम वाफ होते, पदर सुटतात आणि कधी आवरण फुटते. मक्याची लाही फुटावी तसा हा प्रकार असल्याने तंत्रज्ञांनी त्याला ‘पॉपकॉर्न’ हेच नाव दिले. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने शिशावर निर्बंध घातले. शिसेविरहित डाखाला अधिक उष्णता लागत असल्याने हा धोका आणखी वाढला. म्हणून आर्द्रतेस संवेदनशील अशा चिपांचे वर्ग ठरविलेले आहेत. तिसऱ्या वर्गातील चिपेची सीलबंद पिशवी एकदा उघडली, की ३० अंश सेल्सिअस व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता या मर्यादेत १६८ तासांच्या आत तिला डाख द्यावा लागतो. कोकणच्या पावसाळ्यात उघड्या हवेची आर्द्रता या मर्यादेच्या बरीच वर राहते, हे लक्षात घेतले म्हणजे नियमाचे महत्त्व कळते.

तथापि या पारखीला एक मर्यादा आहे, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ध्वनी फट दाखवितो. जोडाचे बळ दाखवीत नाही. दोन पृष्ठे परस्परांना घट्ट टेकलेली असून त्यांतील आसंजन संपलेले असेल, तर ध्वनी निर्वेध पार जातो आणि जोड चांगला भासतो. १९५० नंतरच्या दशकात हॉलंडमधील फोकर विमान कारखान्यात जोडाचे बळ अनुनादावरून अजमाविणारे उपकरण तयार झाले. चिकटद्रव्याच्या थरातील काही उणिवा त्याने कळत. पण पृष्ठभागाशी असलेली पकड किती आहे, याची खात्री त्यानेही देता येईना. बळाचे निःसंशय माप आजही जोड तोडूनच मिळते, आणि तोडलेला जोड पुन्हा उपयोगी पडत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष असा : अविध्वंसक परीक्षण झालेली हानी सांगते, होऊ घातलेली हानी क्वचितच सांगते. ही उणीव भरून निघते ती वस्तूच्या इतिहासाने. पिशवी केव्हा उघडली, माल कोणत्या ऋतूत किती दिवस राहिला, पिशवीतील आर्द्रतादर्शक पत्रिकेचा रंग बदलला की नाही, या नोंदी म्हणजे परीक्षणाचाच अर्धा भाग होत. वळसारख्या ठिकाणच्या गोदामातील साधी नोंदवही या दृष्टीने ध्वनिसूक्ष्मदर्शकाची सहचारिणी ठरते. मडके वाजवून घेणारा गिऱ्हाईक ते कोणत्या कुंभाराचे, हेही विचारीत असे. त्या विचारण्यामागचा व्यवहार हाच होता.