भरावावरचा किनारा

समुद्रकाठच्या रिसॉर्टचा जो कित्ता आज जगभर गिरवला जातो, तो बराचसा हवाईमधल्या ओआहू बेटावर, वायकीकीच्या किनाऱ्यावर तयार झाला. पांढरी वाळू, नारळाची झाडं, व्हरांड्यातून थेट समुद्र. जाहिरातींचा सूर असा, की हे सगळं निसर्गाने आधीच मांडून ठेवलं होतं, हॉटेलवाल्यांनी येऊन फक्त खोल्या बांधल्या. वायकीकीचे कागदपत्र वेगळं सांगतात. इथे हॉटेलाभोवतीची जमीन घडवली गेली, किनारा घडवला गेला, आणि त्यासाठी आधीचं पाणी हुसकून लावावं लागलं. हा खटाटोप सौंदर्याच्या नावाने झाला नाही हे विशेष. त्याच्या कागदांवर शिक्का आरोग्य खात्याचा आहे.

मानोआ, पालोलो आणि मकिकी या दऱ्यांतले ओढे डोंगरावरून उतरून वायकीकीच्या सखल पट्ट्यात पसरत. त्या पाण्यावर हवाईच्या लोकांनी कित्येक शतकं पाट, बांध, मत्स्यतळी आणि अळूचे वाफे सांभाळले. आपल्याकडे अळूची ओळख पानांपासून, फदफद्यापासून सुरू होते; तिथे मान कंदाचा. कंद शिजवून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालत घालत त्याची पोई करायची आणि एक-दोन दिवस आंबू द्यायची. हेच त्यांचं रोजचं अन्न. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यातल्या बऱ्याच वाफ्यांत चिनी शेतकऱ्यांनी भात लावला, तळ्यांत बदकं पाळली. म्हणजे ही जमीन तेव्हाही अस्पर्श नव्हती. माणसाने ओल्या जमिनीची लावलेली ती एक व्यवस्था होती, आणि तिच्यातून पोट भरत होतं.

1901 साली मोआना हॉटेल उघडलं. 75 खोल्या, खोलीत टेलिफोन आणि स्नानघर, विजेची लिफ्ट. त्या काळी हा थाटच होता. अंगणात 1904 साली वड लावला गेला, तोही आपल्याकडचाच भारतीय वड. तो अजून उभा आहे. पण या थाटाच्या मागच्या बाजूला बदकांची तळी आणि डास होते. 1906 साली आरोग्य मंडळाचे अध्यक्ष लुशियस पिंकहॅम यांनी योजना मांडली: पाणथळ जमीन कालव्याने कोरडी करायची, निघालेल्या गाळाने ती भरून काढायची आणि तिथे ऐपतदारांची वस्ती वसवायची. पुढे हेच गृहस्थ हवाईचे गव्हर्नर झाले. 1921 ते 1928 या काळात आला वाय कालवा खोदला गेला. काम वॉल्टर डिलिंगहॅम यांच्या कंपनीकडे होतं. उपसलेलं प्रवाळ आणि माती वाफ्यांवर ओतली गेली. 1896 च्या कायद्याने ‘आरोग्याला घातक’ ठरलेली जमीन मालकाने स्वतः सुधारली नाही, तर सरकार ती सुधारून खर्चाचा बोजा त्याच जमिनीवर चढवू शकत होतं. राणी लिलिउओकलानीला 1893 मध्ये पदच्युत करणाऱ्यांच्या राजवटीने केलेला हा कायदा. ज्याचं घर चार वाफ्यांवर चालतं, त्याने असा बोजा फेडायचा कशातून? 1927 मध्ये मॅटसन या जहाज कंपनीने गुलाबी रंगाचं रॉयल हवाईयन हॉटेल उघडलं तेव्हा कालव्याचं काम अजून चालूच होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: रोगराई खरी होती. होती, हे मान्य. 1899-1900 मध्ये होनोलुलुत प्लेग आला, डेंग्यूच्या साथीही आल्या. पण प्लेगचं ठाणं बंदराजवळच्या दाट वस्तीत होतं, वायकीकीच्या वाफ्यांत नव्हे. आणि मलेरिया पसरवणारा डास हवाईत नाहीच. डासांचा बंदोबस्त एवढाच हेतू असता, तर त्या जागेवर कोणत्या दर्जाचे लोक राहावेत याची चर्चा आरोग्य अहवालात कशाला हवी होती? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हवाईचे अलिई, म्हणजे सरदार आणि राजघराण्यातले लोकही वायकीकीला विसाव्याला येत, लाटांवर फळी चालवत. मग हॉटेलांनी वेगळं काय केलं? फरक एवढाच, की अलिईंचा विसावा वाफ्यांच्या आणि तळ्यांच्या शेजारीच चालायचा, त्यांच्याच उत्पन्नावर. हॉटेलाला शेजारी वाफा खपत नव्हता. पर्यटनाने रोजगार दिला हेही खरं. 1912 चा ऑलिंपिक सुवर्णविजेता जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याच किनाऱ्यावर वाढला, आणि त्याच्या पिढीतल्या अनेकांनी पाहुण्यांना लाटांवर स्वार व्हायला शिकवून चरितार्थ चालवला. मात्र बदललेलं नातं यातही दिसतं: किनारा ज्यांचा, ते आता तिथे पाहुण्यांच्या दिमतीला होते.

आणि वाळू? हॉटेलं आणि बंगले वाचवायला समुद्राला लागून भिंती बांधल्या, तशी भिंतीवर आपटून परतणारी लाट पुढची वाळू ओढून नेऊ लागली. मग कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचवरून वाळू जहाजाने आणून इथे पसरली गेली. ओआहूच्या दुसऱ्या किनाऱ्यांवरून आणि मोलोकाई बेटावरूनही आली. 2012 मध्ये समोरच्याच समुद्रतळातून सुमारे 24,000 घनयार्ड वाळू उपसून पुन्हा अंथरावी लागली. कालव्याचीही तीच तऱ्हा. पूर्वी ओढ्यांचं पाणी वाफ्यांत आणि तळ्यांत थबकायचं, गाळ तिथेच बसायचा. आता तो सगळा कालव्यात उतरतो आणि ठरावीक काळाने काढावा लागतो. मार्च 2006 मध्ये सततच्या पावसात वायकीकीची सांडपाण्याची मुख्य वाहिनी फुटली, तेव्हा सुमारे 4 कोटी 80 लाख गॅलन मैलापाणी याच कालव्यात सोडण्यात आलं. तिथून ते समुद्रात गेलं आणि किनाऱ्यावर पोहण्याला मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या.