वंध्यत्वावरील उपचार : निवडीपूर्वी काय विचारावे?

लग्नाला काही वर्षे उलटूनही पाळणा हलला नाही, की सुनेच्या तपासण्या सुरू होतात. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी मात्र लांबणीवर पडते. प्रत्यक्षात अशा सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषातील दोष हे एकमेव किंवा जोडीचे कारण असते. त्यामुळे तज्ज्ञांकडे पहिल्या भेटीलाच दोघांनी मिळून जाणे श्रेयस्कर ठरते.

सल्ला कधी घ्यावा?

गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भ न राहिल्यास त्यास वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच सल्ला घ्यावा. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी जननमार्गाचा क्षयरोग झाला असेल, तर तेवढेही थांबू नये. भारतात गर्भनलिका बंद होण्यामागे हा क्षयरोग महत्त्वाचे कारण आहे.

आधी निदान

पुरुषाची वीर्यतपासणी २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर केली जाते आणि दोष आढळल्यास ती पुन्हा करावी लागते. स्त्रीच्या बाबतीत स्त्रीबीज दरमहा तयार होते का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि बीजांडकोशात स्त्रीबीजांचा साठा किती आहे, हे पाहिले जाते. साठा दर्शविणारी 'एएमएच' चाचणी कमी आली म्हणजे नैसर्गिक गर्भधारणा अशक्य झाली, असा अर्थ मात्र होत नाही.

कोणता उपचार कोणासाठी?

स्त्रीबीज वेळेवर तयार होत नसल्यास बहुधा 'लेट्रोझोल'सारख्या गोळ्यांनी सुरुवात होते. पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रियांमध्ये वजन ५ ते १० टक्के घटले तरी पाळी सुधारू शकते. वीर्यात सौम्य दोष असल्यास 'आययूआय', म्हणजे प्रक्रिया केलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा पर्याय असतो. त्यासाठी किमान एक गर्भनलिका मोकळी हवी. दोन्ही नलिका बंद असल्यास 'आयव्हीएफ', तर शुक्रजंतू फारच कमी असल्यास एकेक शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडणारी 'इक्सी' पद्धत उपयोगी पडते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यानंतर हे तंत्र गावोगावी पोहोचले. पण स्त्रीबीजाचे वाढते वय त्याला आजही मागे फिरवता आलेले नाही.

प्रश्न विचारा

'यशाचे प्रमाण किती?' एवढे विचारून भागत नाही. आपल्या वयोगटातील किती स्त्रियांना प्रत्यक्ष मूल झाले, हे विचारावे. कारण केवळ चाचणी सकारात्मक येणे म्हणजे बाळ घरी येणे नव्हे. औषधे, इंजेक्शने व गर्भ गोठवणे धरून एकूण खर्च लेखी मागावा. बीजांडकोश अतिउत्तेजित होण्याचा व जुळ्यांचा धोका समजून घ्यावा. सुचवलेल्या प्रत्येक जादा चाचणीची गरजही विचारावी.

कायद्याचे संरक्षण

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे. हे उपचार घेण्यासाठी स्त्रीचे वय २१ ते ५०, तर पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. समुपदेशन व लेखी संमती आवश्यक असून, गर्भलिंग निवडणे गुन्हा आहे.

किती प्रयत्न करायचे आणि कुठे थांबायचे, हे पहिल्या इंजेक्शनपूर्वीच दोघांनी ठरवलेले बरे. थांबणे म्हणजे हार नव्हे. दत्तक मुलाचा मार्ग त्यानंतरही खुला असतो.