तळटीप २३ : ‘जोन अँडरसन पत्र’

नील कॅसडीने जोन अँडरसन या प्रेयसीविषयी डिसेंबर १९५० मध्ये कादंबरीकार मित्र जॅक केरुअॅकला लिहिलेले हे टंकलिखित पत्र. कॅसडी (१९२६–१९६८) डेन्व्हरमध्ये दारुड्या बापाच्या सावलीत वाढला. गाड्या चोरल्या, सुधारगृहे पाहिली, पुढे सदर्न पॅसिफिक रेल्वेत ब्रेकमनची नोकरी केली. हयातीत त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. ‘द फर्स्ट थर्ड’ हे अपुरे आत्मकथन निघाले ते १९७१ मध्ये. तरी केरुअॅकच्या ‘ऑन द रोड’ कादंबरीतला डीन मोरिआर्टी तोच. थांबा न घेता धावणारी त्याची पत्रे वाचून आपली शैली सापडली, असे केरुअॅकने स्वतःच सांगून ठेवले आहे.

पत्राची कथा पत्राइतकीच रंगतदार. अॅलन गिन्सबर्गमार्फत ते कवी गर्ड स्टर्नकडे गेले आणि त्याच्या हाउसबोटीवरून पाण्यात पडले, असे केरुअॅक सांगे. स्टर्न नाकारत राहिला. बोल मात्र त्यालाच लागत राहिला.

पत्र बुडालेच नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गूस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या न उघडलेल्या टपालात ते पडून होते. संस्था बंद पडल्यावर तिची रद्दी एका शेजाऱ्याने जपली, म्हणून २०१२ मध्ये ते हाती लागले. केरुअॅकच्या आठवणीत चाळीस हजार शब्दांचे असलेले पत्र प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास भरले. (मित्राच्या पत्राला इतकी वाढ क्षम्य मानावी.) सध्या ते अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आहे.