पाटीवर देवाचं नाव

पहाटेचे साडेपाच. वारज्याच्या माळवाडीत, रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. महामार्गाच्या पुलावरून ट्रक धडधडत जाताहेत. समोरच्या ‘अमृततुल्य’ चहाच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलंय. आत देवाच्या तसबिरीला ताजा हार, खाली उदबत्ती. खलबत्त्यात आलं आणि वेलदोडे पडतात. ठक्, ठक्. डोळे मिटा आणि हा आवाज धरून मागे चला.

ऑक्टोबर 1890. पूल नाही, ट्रक नाहीत. वारजे म्हणजे मुठेच्या डाव्या काठावरचं शेतकऱ्यांचं गाव. वर खडकवासल्याचं धरण बांधून झाल्याला अकरा वर्षं झालीत. शेजारच्या हिंगण्याच्या माळावर महर्षी अण्णा कर्व्यांच्या आश्रमाची झोपडी उभी राहायला अजून दहा वर्षं आहेत. नदीच्या कडेकडेनं तीनेक कोस चालून तुम्ही पुण्यात, पंच हौद या ख्रिस्ती मिशनच्या आवारात पोचता. व्याख्यान आटोपलंय आणि मंडळींपुढे चहा-बिस्किटं आलीत. रानडे आहेत, टिळक आहेत, गोखले आहेत. कुणी घोट घेतो, कुणी कप नुसता हातात धरतो.

हा बेत जमवणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. पुढे हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून येतात आणि गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहतं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जातं. न्यायमूर्ती रानड्यांनासुद्धा अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागतं. एका कपासाठी! परतताना तुमची जीभ कोरडी पडलीय. शहरात चहा आहे, पण कुणाच्याही शेजारी बसून तो निर्धास्तपणे प्यावा अशी जागा नाही.

ठक्, ठक्. चाळीस वर्षं पुढे या. तुम्ही पेठेतल्या एका छोट्या अमृततुल्य दुकानात बाकावर बसलात. उंच बैठकीवर मांडी घालून मालक बसलेत. स्वच्छ पांढरं धोतर, कपाळाला गंध. राजस्थानातून आलेले श्रीमाळी ब्राह्मण. दवे, ओझा, त्रिवेदी अशी आडनावं. ब्राह्मणाच्या हातचा चहा, त्यामुळे सोवळंओवळं पाळणाऱ्यालाही इथे यायला हरकत वाटत नाही.

त्यांचे हात बघा. शेगडीवर घासूनपुसून लख्ख केलेलं पितळी पातेलं. पाणी, दूध, साखर, पूड, वर कुटलेलं आलं-वेलदोडा. डाव एकसारखा फिरतोय. चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात धारेनं सोडला जातोय. मग ते दोन थेंब तळहातावर घेतात, जिभेला लावतात आणि क्षणभर थांबतात. चिमूटभर साखर आणखी पडते. आता फडक्यातून गाळून चहा किटलीत. इथे मोजमाप तळहातावर चालतं आणि ते बापाकडून मुलाकडे शेजारी बसूनच जातं.

बाहेर येऊन पाटी वाचा. इथे पाटीवर देवाचं नाव आहे. गादीवर आज बाप, उद्या मुलगा, परवा पुतण्या, पाटी तीच. गिऱ्हाईक मालकाला ओळखतं ते चवीवरून. एक दिवस चहा वेगळा लागला, की विचारतं, ‘आज थोरले नाहीत वाटतं?’

पण आणखी एक गोष्ट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. या काळात गावोगावच्या हॉटेलांत दलितांना आत जागा नाही. कुठे कप वेगळा, कुठे चहा बाहेरच. सोवळ्यातल्यांची अडचण सुटली, म्हणून दार सगळ्यांना उघडलं असं होत नाही. मग 26 जानेवारी 1950 उजाडतो. संविधानाचं पंधरावं कलम दुकानं आणि उपाहारगृहांचं नाव घेऊन सांगतं, की जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कागदावरचं ते वाक्य बाकापर्यंत पोचायला पुढे किती झगडावं लागलं, हे ज्यांना बाहेर उभं केलं गेलं त्यांनाच विचारा.

ठक्, ठक्. जुलै 1961. बारा तारखेला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. लोंढा वारज्याच्या कडेनंच शहरात शिरला. आता पाणी ओसरलंय. नारायण पेठेत तुमचे पाय चिखलात रुततात. शहराला पाणी देणारं धरणच गेलंय, एकेक बादली मोलाची झालीय. अशात चिखलानं माखलेल्या दुकानात एक माणूस पातेलं चिंचेनं घासतोय. शेगडी पेटते. घरदार वाहून गेलेला एक जण बाकाच्या टोकाला टेकतो. त्याच्या हातात कप दिला जातो. हिशेब कुणी काढत नाही.

डोळे उघडा. वारजे 1997 साली महापालिकेत आलं, शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि अमृततुल्य हा शब्द पेठांतून निघून इथल्या चौकाचौकांत पोचला. शेगडीच्या जागी गॅस आला. बऱ्याच दुकानांत आता साखळीची पाटी असते आणि मसाला तयार पाकिटातून येतो. तुमच्या डावीकडे रात्रपाळी संपवून आलेला सुरक्षारक्षक, उजवीकडे झाडू भिंतीला टेकवून उभी असलेली सफाई कामगार बाई, मागे सॅक लावलेला इंजिनिअर. सगळ्यांना एकाच किटलीतून चहा मिळतो. जे 1890 साली रानड्यांना जमलं नाही, ते इथे रोज घडतं, आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पातेल्यामागचा पोरगा विशीतला आहे. तो डाव फिरवतो, दोन थेंब तळहातावर घेतो, चाखतो, थांबतो. चिमूटभर साखर टाकतो.

ग्लास खाली ठेवून पैसे देता देता तुम्ही त्याला नाव विचारा. तो आधी चमकेल, मग सांगेल. ते लक्षात ठेवा; पाटीवर ते कधीच येणार नाही.