दिव्याची बैठक

घरोघर वीज येण्यापूर्वी आपल्याकडे भिंतीवर टांगायचा एक रॉकेलचा दिवा असे. त्याच्या काचेमागे चकचकीत पत्र्याची एक उथळ बशी बसवलेली असे. ती बशी गळून पडली, तर वात तीच आणि तेल तेच असूनही खोलीतील उजेड उणावे. ती वाकडी बसली, तर पोथीवर पडायचा उजेड आढ्याकडे जाई. रोज सायंकाळी काच पुसताना घरातील गृहिणी ती बशीही सरळ करून ठेवी. दिव्याला तेलवात जितकी हवी तितकीच बैठकही हवी, ही गोष्ट तिला कोणत्याही शास्त्रपुस्तकाने शिकवलेली नव्हती. मोटारगाडीच्या दिव्याचा इतिहास पाहू लागलो, म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांना हेच साधे शहाणपण आत्मसात करण्यास किती वर्षे लागली, हे ध्यानात येते.

मोटारीच्या दिव्याचे काम घरच्या दिव्याहून कठीण आहे. त्याला दोन माणसांची काळजी वाहावी लागते. गाडी चालविणाऱ्याला पुढचा रस्ता, वळण, खड्डा, वाटेवरचे जनावर हे सारे दिसले पाहिजे. आणि त्याच वेळी समोरून येणाऱ्या वाहनचालकाचे डोळे दिपता कामा नयेत. घाटातल्या अरुंद वळणावर समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, की क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. त्या क्षणात गाडी बरेच अंतर कापून गेलेली असते. हा धोका टळतो की नाही, हे दिव्याच्या तेजापेक्षा तो आपल्या जागी नीट बसला आहे की नाही, यावर अधिक अवलंबून असते.

असे का, हे समजण्यासाठी थोडे भूमितीकडे वळावे लागेल. मोटारीच्या दिव्यातील वाटीसारखा आरसा, म्हणजे परावर्तक, हा गोलाचा तुकडा नसतो. तो अन्वस्त नावाच्या वक्राच्या आकाराचा असतो. या वक्राला एक नाभी असते. आपले मोटार-मेकॅनिक त्याच बिंदूला ‘फोकस’ म्हणतात. दुरून येणारे समांतर किरण अशा आरशावर पडले, की ते सारे नाभीत एकवटतात. इसवी सनापूर्वी सुमारे २०० वर्षे होऊन गेलेल्या डायोक्लीझ या ग्रीक गणितज्ञाने दाहक आरशांवरील आपल्या ग्रंथात हा गुणधर्म सिद्ध केला होता. याच्या उलट, नाभीत दिवा ठेवला, तर त्याचे किरण आरशावरून समांतर होऊन दूरवर जातात. अठराव्या शतकात लिव्हरपूल बंदराचे अधिकारी विल्यम हचिन्सन यांनी आरशाचे लहान लहान तुकडे बसवून असे परावर्तक तयार केले व दीपगृहात वापरले. मोटारीच्या दिव्याला हा वारसा मिळाला तो दीपगृहाकडून.

परंतु दीपगृह जागचे हलत नाही. मोटार धावते, आदळते आणि थरथरते. अडचण आहे ती इथेच. समजा, परावर्तकाची नाभी त्याच्या तळापासून २५ मिलिमीटरवर आहे. दिव्याचा तंतू तेथून केवळ १ मिलिमीटर बाजूला सरला, तर झोत पंचवीसास एक या प्रमाणात कलतो. म्हणजे २५ मीटर अंतरावर तो सुमारे १ मीटर बाजूला जाऊन पडतो. तंतू खाली गेला तर झोत वर जातो, वर गेला तर झोत खाली येतो. तंतू आरशाच्या जवळ गेला तर किरण पांगतात. दूर गेला तर ते एकमेकांना छेदून मग पसरतात. नखाच्या जाडीएवढी चूक आणि समोरच्या माणसाचे डोळे, असा हा हिशेब आहे.

आरंभीच्या मोटारींना हा हिशेब फारसा भेडसावत नव्हता, कारण तेव्हाचा प्रकाश ज्योतीचा होता. १८९२ साली थॉमस विल्सन यांना कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सापडली. कार्बाइडवर पाणी थेंब थेंब पडले, की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. मोटारीच्या पायफळीवर कार्बाइडचे भांडे ठेवीत आणि रबरी नळीने वायू पितळी बत्त्यांपर्यंत नेत. पुढे १९०४ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे प्रेस्ट-ओ-लाइट ही कंपनी निघाली व ॲसिटोनमध्ये विरघळवलेला हा वायू नळकांड्यांत भरून मिळू लागला. पण ज्योत म्हणजे काही बिंदू नव्हे. तिला उंची असते, रुंदी असते, आणि वाऱ्याबरोबर ती डुलते. ती नेमकी नाभीत बसविता येत नसल्याने झोत मऊ आणि पसरट पडे. गाड्यांचा वेग बेताचा होता, तोवर तेवढ्यावर भागत असे.

वीज आली आणि चित्र पालटले. कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या मोटारींवर चार्ल्स केटरिंग यांच्या योजनेप्रमाणे गाडी सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे विजेवर होऊ लागली. त्याच सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टन धातूची लवचीक तार काढण्यात यश मिळविल्यामुळे बल्बमधील तंतू धक्के सोसण्याइतका बळकट झाला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. मात्र ती वीज इंजिनाच्या मॅग्नेटोतून येत असल्याने गाडी सावकाश चालली की दिवे मंदावत. जेथे रस्ता निरखून पाहायचा, नेमका तेथेच अंधार!

विजेचा तंतू ज्योतीपेक्षा कितीतरी लहान. त्यामुळे झोत प्रथमच खरोखर रेखीव झाला. आणि म्हणूनच त्याची जागा चुकली तर अपायही तितकाच रेखीव होऊ लागला. त्या काळचे बल्ब घरच्या बल्बप्रमाणे दोन खुंट्यांनी होल्डरमध्ये अडकवीत. काचेच्या आत तंतू किती उंचीवर आहे, हे प्रत्येक बल्बागणिक थोडे वेगळे असे. म्हणून होल्डर मागेपुढे सरकवता येईल अशी सोय करीत आणि जागा ठरली, की एका स्क्रूने तो आवळून टाकीत. गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून २५ फुटांवर उभी करावी, एक दिवा झाकावा, दुसऱ्याचा डाग भिंतीवर पाहत होल्डर पुढेमागे करावा, आणि झोत उत्तम जमला की स्क्रू घट्ट करावा, अशी सूचना मालकांना दिलेली असे. बल्ब बदलला, की हा सारा विधी पुन्हा आरंभापासून.

हा विधी कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात किती मालक तो करीत असतील? बल्ब गेला की नवा बसवायचा, उजेड पडला की समाधान मानायचे, हा मनुष्यस्वभाव. शिवाय खाचखळग्यांत तो स्क्रू सैल होई. पुढच्या काचेच्या कडेने धूळ आणि ओल आत शिरे. परावर्तकावर चांदीचा मुलामा असे, आणि चांदी हवेतील गंधकाने काळवंडते हे आपल्या देवघरातील भांडी सांगतातच. ती पुसायला जावे, तर मुलाम्यावर चरे पडत. कारखान्यातून निघालेला उत्तम दिवा काही काळातच मंद आणि तिरकस होऊन बसे. दोष दिव्याच्या शक्तीचा नव्हता. ती बैठक रोज सांभाळणारी गृहिणी मोटारीला लाभली नव्हती, एवढेच.

यावर दोन दिशांनी उपाय निघाले. पहिला उपाय बल्बाच्या बाजूने झाला. होल्डर हलविण्याऐवजी बल्बालाच एक धातूची चकती जोडायची, आणि तीही कारखान्यात तंतू नेमका योग्य अंतरावर आणूनच पक्की करायची. परावर्तकाच्या मागे त्या चकतीच्या मापाचे भोक आणि एक खाच ठेवायची. मग कोणीही बल्ब बसवला, तरी तंतू आपोआप नाभीपाशी येतो. दरम्यान, १९२४ साली जर्मनीच्या ओसराम कंपनीने एकाच बल्बात दोन तंतू घातले होते. लांबच्या झोताचा तंतू नाभीत. जवळच्या झोताचा जरा पुढे, आणि त्याच्याखाली एक चिमुकली धातूची पळी. ती पळी खालच्या बाजूचा प्रकाश अडवी, आणि वरच्या अर्ध्या आरशावरून परतलेले किरण रस्त्याकडे वळत. आपण आज ‘डिपर’ म्हणतो त्याचे मूळ यात आहे. अशा बल्बात तर बैठकीला अधिकच महत्त्व आले. कारण तो उलटा बसला, तर पळी वर होऊन सारा झोत आकाशाकडे जाई.

दुसरा उपाय याहून कडक होता. बल्ब, परावर्तक आणि पुढची काच हे तीन वेगळे भाग ठेवायचेच नाहीत, असे अमेरिकेतील कारखानदारांनी ठरविले. काचेचीच अन्वस्ताकार वाटी. तिच्या आतून ॲल्युमिनियमचा पातळ लेप. तंतू कारखान्यात मोजूनमापून नाभीशी बसविलेले. आणि पुढची काच ज्वालेने वितळवून वाटीला कायमची जोडलेली. आतली हवा काढून तेथे निष्क्रिय वायू भरला, की धूळ, ओल आणि हाताळणी या तिघांनाही दार बंद. निर्वात जागेत ॲल्युमिनियमची वाफ करून आरशावर लेप देण्याची कला जॉन स्ट्राँग यांनी १९३० नंतर परिणत केली होती; पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशालाही पुढे त्यांनी असाच लेप दिला. या जोडदिव्याला ‘सील्ड बीम’ असे नाव पडले, आणि १९४० च्या मोटारींपासून ७ इंच व्यासाचा हा गोल दिवा अमेरिकेत सर्वत्र प्रमाण ठरला.

या दिव्याची बैठक पाहण्यासारखी आहे. काचेच्या पाठीवर तीन उंचवटे असतात. ते मागच्या कड्यातील तीन खाचांत बसले, तरच दिवा जागी जातो. वरून एक पातळ कडे येते आणि लहान स्क्रूंनी आवळले जाते. त्याखेरीज दोन मोठे स्क्रू असतात, एक झोत वरखाली करणारा आणि दुसरा डावीउजवीकडे नेणारा. दिवा बदलताना फक्त लहान स्क्रू सोडवायचे. मोठ्यांना हात लावला नाही, तर नवा दिवा जुन्याच दिशेला पाहू लागतो. अनेक गाड्यांचे दिवे बिघडले, ते घाईने भलताच स्क्रू फिरवल्यामुळे.

पुढच्या काचेजवळच्या खांबावर बसणाऱ्या स्पॉटलाइटलाही असेच जोडदिवे लाभले. तेथे खांबातून आरपार एक नळी जाते, तिच्यात दांडा फिरतो आणि आतली मूठ वळवली की बाहेरचा दिवा मान फिरवतो. त्यात बसणारा दिवा बहुधा ५¾ इंचांचा. त्याच्या अंगावरील ४६ हा आकडा इंचाचे अष्टमांश मोजतो. हा झोत अतिशय अरुंद असल्याने त्यात तंतूची लवमात्र चूकही खपत नाही, आणि दिवा जागी धरून ठेवणारे कडे सैल झाले तर दूरवरचा उजेड नाचू लागतो. हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या शिकारी मोटारींवर असे झोतदिवे मोठ्या हौसेने बसविलेले असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या शिकारीचे दिवस सरले.

सील्ड बीमने बैठकीचा प्रश्न सोडविला, पण त्याची किंमतही मोजावी लागली. तंतू तुटला की आरसा आणि काच यांसह सारा दिवा टाकून द्यावा लागे. त्याहून मोठी किंमत म्हणजे प्रमाण एकदा गोठल्यावर सुधारणाही गोठली. युरोपने सुटा बल्ब सोडला नव्हता. तेथे १९६२ साली मोटारीसाठी हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ साली दोन तंतूंचा एच-४ बल्ब. या एच-४ च्या कड्याला तीन जिभल्या असतात. त्यांची मांडणी अशी असते, की बल्ब एकाच रीतीने बसतो, दुसऱ्या रीतीने बसतच नाही. वरून तारेची एक स्प्रिंग अडकवली, की झाले. चुकण्याची शक्यताच आकारातून काढून टाकणारी ही युक्ती. अमेरिकेनेही अखेर १९८३ साली बदलता येणाऱ्या बल्बांना परवानगी दिली.

आपल्याकडे एके काळी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा पट्टा रंगवीत, हे अनेकांना आठवत असेल. समोरच्याचे डोळे दिपू नयेत हा हेतू चांगला. परंतु जागा चुकलेल्या झोताला काळा रंग फासल्याने तो सरळ होत नाही. त्याने आपला उजेड कमी होतो आणि उरलेला तिरपाच जातो.

तो ठिपका आता इतिहासजमा झाला. मोह मात्र उलट दिशेने परतला आहे. १९९१ साली झेनॉन आणि २००७ साली एल्ईडी हेडलाइट मोटारींवर आले. त्यांच्यासाठी आरसे आणि भिंगे वेगळी घडवलेली असतात. पण बाजारातून अधिक उजेडाचा एल्ईडी बल्ब आणून तो हॅलोजनसाठी घडविलेल्या जुन्या परावर्तकात बसविणारे पुष्कळ आहेत. बल्ब खाचेत बसतो. त्याचा उजळणारा भाग मात्र जुन्या तंतूच्या नेमक्या जागी, त्याच आकाराचा असेलच असे नाही. चालविणाऱ्याला बोनेटपुढचा रस्ता लखलखीत दिसतो आणि तो खूश होतो. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला मात्र रस्त्याची कड दिसेनाशी होते. ती किंमत पैसे देणाऱ्याला दिसत नाही, म्हणूनच हा सौदा त्याला स्वस्त वाटतो.

आपल्या दिव्याखालचा अंधार पाहण्याची सवय आपल्या भाषेने आपल्याला फार पूर्वीच लावली आहे. मोटारीच्या बाबतीत तो अंधार दिव्याखाली नसून समोरच्याच्या डोळ्यांत असतो. तेव्हा रात्रीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गाडी एकदा भिंतीपुढे उभी करावी, झोत कोठे पडतो ते पाहावे, कडे घट्ट आहे ना हे हाताने चाचपावे. आपल्या आज्यापणज्या हेच करीत होत्या. फक्त त्यांच्या दिव्यामागे पत्र्याची बशी होती.